पाटांच्या दिवसांतला सर्व्हर

पाट यायला लागले. आमच्या पेणमध्ये आषाढ लागला हे मला कॅलेंडर सांगत नाही, कारखान्याच्या दारातली चळत सांगते. सागाचे पाट, फणसाचे पाट, एखादा अगदी काळा पडलेला, एखाद्याच्या कडेला गेल्या वर्षीच्या कुंकवाचा डाग. पाठीमागे खडूने किंवा तेलरंगाने घराचं नाव. माणसं एसटीतून, रिक्षातून, स्कूटरवर दोन गुडघ्यांमध्ये धरून पाट आणतात, माझ्यासमोर ठेवतात आणि एकच वाक्य बोलतात, "आमचा नेहमीचा." मग चहा पितात, पावसाबद्दल दोन शब्द बोलतात आणि निघून जातात.

त्या पाटावर त्यांचा गणपती बसायचा असतो. तो कसा, हे कोणी सांगत नाही. सांगायची पद्धतच नाही. एका घरचा मांडी घालून बसलेला, दुसऱ्याचा लोडाला टेकलेला. कोणाचं पितांबर पिवळं, कोणाचं डाळिंबी. एका घरात उंदीर डावीकडेच हवा, कारण एका वर्षी उजवीकडे बसला आणि त्याच वर्षी त्यांची म्हैस गेली. उंची कोणी इंचांत मोजत नाही, वीत आणि बोटांत मोजतात, आणि वीत कोणाची ते ज्याचं त्यालाच ठाऊक. हे सगळं त्या दोन शब्दांत गुंडाळून लोक आमच्या स्वाधीन करतात. शेला हिरव्याऐवजी निळा निघाला तर गिऱ्हाईक भांडत नाही. गणपती घेऊन जातं, पूजा करतं, आणि पुढच्या वर्षी पाट दुसऱ्या कारखान्यात ठेवतं. आयुष्यभर भांडून भाव ठरवलेल्या माझ्यासारख्या बाईला या न भांडणाऱ्या गिऱ्हाइकाचीच सगळ्यात जास्त भीती वाटते.

या वर्षी मात्र पाट येताहेत आणि मी निवांत आहे. निवांत हा शब्द मला शोभत नाही हे पेणमध्ये कोणीही सांगेल. पण खरंच, पाट आला की मी टेबलावरच्या स्क्रीनवर नाव टाकते, घर उघडतं, पाटावर नंबराची चिठ्ठी चिकटवते आणि पुढच्याला म्हणते, "या, बसा." फडताळावर एक जुनं करड्या रंगाचं मशीन हलकेच घुमत असतं. तो आवाज बंद पडला तरच माझं लक्ष जातं.

तीन वर्षांपूर्वीचा आषाढ असा नव्हता.

माझे वडील मिठागरावर कामाला होते. मी पंधराव्या वर्षी पेणच्या एका कारखान्यात रंगकामाला लागले, आधी नुसत्या पाटाच्या कडा रंगवायला, मग शेले, मग दागिने. त्या मालकाकडे लाल कापडात बांधलेली एक वही होती. कोणत्या घरचा गणपती कसा, ते त्यात. आम्हाला ती बघायची मनाई होती. मालक वाचून दाखवायचा, आम्ही रंगवायचो. बारा वर्षांनी मी स्वतःचा कारखाना टाकायला निघाले, तेव्हा तो पान चघळत म्हणाला, "हात तुझा असेल सुमन, पण वही माझी हाय." मी त्याला काय उत्तर दिलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण ते वाक्य माझ्या अंगात काट्यासारखं राहिलं. मी एकेक घर स्वतः जोडलं. पेणपासून गडब, नागोठणं, रोह्यापर्यंत. माझी वही मी स्वतः लिहिली.

वह्या आमच्याकडे टिकत नाहीत. शाडूची माती ओली, हवा ओली, वाळवी बारा महिने हजर. म्हणून पुढे शहरातल्या एका कंपनीचं सॉफ्टवेअर घेतलं. वर्षाची वर्गणी भरायची आणि इंटरनेटवर त्यांच्याकडे आपली यादी ठेवायची. भाव मी घासून घासून इतका खाली आणला होता की विकणारा माणूस जाताना म्हणाला, "ताई, तुम्ही आमच्याकडे नोकरीला या." पाच वर्षं सुखात गेली. प्रत्येक घराचं वर्णन, आणि गणपती नेताना पाटावर काढलेला फोटो.

सहाव्या वर्षी पाट यायला लागले आणि कंपनीचा निरोप आला. वर्गणी एकदम तिप्पट. मी फोन केला. घासाघीस करायच्या तयारीनेच केला होता. पलीकडे गोड आवाजाचा कोणी होता.

"मॅडम, रेट फिक्स आहे. पॉलिसी आहे."

"बरं, मग मला माझी यादी दे. मी माझं बघते."

"डेटा तुमचाच आहे मॅडम. फक्त तो बाहेर काढायची सोय वरच्या प्लॅनमध्ये आहे."

"म्हणजे म्हैस माझी, गोठा तुझा, आणि दूध काढायला तुला विचारायचं?"

"मॅडम, तुमची मुदत संपेपर्यंत तुम्ही बघू शकता. नंतर अकाउंट लॉक होईल."

मुदत संपायला अकरा दिवस होते. नऊशेच्या वर घरं होती. मला वाढलेल्या पैशांचं तितकं लागलं नाही, खरंच सांगते. तो माणूस गोड बोलत होता आणि मला मात्र पान चघळल्याचा आवाज ऐकू येत होता. मी फोन आपटला. तो मोबाईल होता, त्यामुळे काच गेली.

राहेलताई माझ्या आयुष्यात अशा तुटक्या काचेमुळे आल्या. मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात माझ्या शेजारच्या स्टुलावर एक साठी उलटलेली बाई बसली होती, मांडीवर पोह्यांची पिशवी. त्या मूळच्या रोह्याच्या बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यू, आता रोह्याजवळ वरश्याला एकट्या राहतात. आमचे पेणचे पोहे त्या मलिद्यासाठी, म्हणजे त्यांच्या पूजेतल्या गोड पोह्यांच्या प्रसादासाठी, खास इथे येऊन घेतात. मी दुकानदाराला सगळी कहाणी जितक्या मोठ्याने सांगत होते, तितक्या शांतपणे त्या ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "एवढी ओरडतेस कशाला गो. दुसऱ्याच्या घरी सामान ठेवलंस, आता आपल्या घरी आण."

"घर कुठाय?"

"बांधू. दोन दिवसांचं काम हाय."

त्यांनी एका कंपनीत तीस वर्षं काढली होती, शेवटची पंधरा कंप्युटर विभागात. मुलं इस्राएलला गेली. जाताना घरातले जुने अल्बम इथेच राहिले. ते सगळे फोटो त्यांनी स्वतःच्या घरातल्या मशीनवर चढवले आणि मुलांना तिथून बघता येतील असा रस्ता करून दिला. कोणा कंपनीला एक पै नाही. "त्याला लागतं ते सॉफ्टवेअर जगातल्या लोकांनी मिळून लिहिलेलं असतं, उघडं ठेवलेलं असतं. कोणीही घ्यावं, आपल्या मशीनवर बसवावं."

"फुकट?"

"फुकट."

"मग त्यांचा फायदा काय?"

"तू विचारतेस तसं मीपण विचारलं होतं."

मला ते पटेना. आमच्या धंद्यात साचा म्हणजे जीव. माझ्या मूर्तीवरून चोरून साचा पाडणाऱ्या एकाशी मी चार वर्षं बोलत नव्हते. आणि इथे कोणीतरी अख्खा साचा चौकात ठेवून गेलं होतं, की घ्या, ओता, हवं तर नाक बदला. मी मनात शोधत राहिले की घासाघीस कोणाशी करायची. समोर कोणीच नव्हतं. भाव नाही, दलाल नाही, पॉलिसी नाही. आयुष्यात पहिल्यांदा हात रिकामे घेऊन बाजारात उभी असल्यासारखं वाटलं.

घासाघीस करायची हौस मग मशीनवर भागवली. रोह्याला एका ऑफिसने भंगारात काढलेला कंप्युटर होता. त्याच्यासाठी मी पाऊण तास भांडले. राहेलताई बाहेर रिक्षात बसून विणकाम करत होत्या. मी जिंकून आले तेव्हा त्या म्हणाल्या, "किती कमी केलेस?" मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "रिक्षावाल्याचं वेटिंग तेवढंच झालं."

कारखान्याच्या आतल्या खोलीत, जिथे आम्ही ब्रश आणि पोस्टर कलरच्या बाटल्या ठेवतो, तिथल्या फडताळावर ते मशीन बसलं. सर्व्हर म्हणजे मला वाटायचं, कपाटाएवढं, थंडगार काहीतरी असेल. राहेलताई म्हणाल्या, "सर्व्हर म्हणजे सेवा देणारा. आकार कशाला लागतो?" पेनड्राइव्ह लावला, जुनी सिस्टीम पुसली, नवी चढवली. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं धावायला लागली, आणि थांबली. राहेलताईंनी मला खुर्चीत बसवलं होतं. त्या सांगणार, मी टाइप करणार, असा त्यांचा हट्ट. "मी केलं तर उद्या परत मला बोलवशील."

पहिल्याच झटक्यात मशीनने उत्तर दिलं की परवानगी नाही.

माझं डोकं फिरलं. "माझं मशीन, माझी वीज, माझं फडताळ, आणि मलाच परवानगी नाय?"

"तू मालकीणच हायस. पण आत शिरलीस कामगाराच्या दारातनं. आधी 'सुडो' लिही. म्हणजे त्याला कळेल कोण बोलतंय."

ते लिहिलं, पासवर्ड दिला आणि मशीन मुकाट्याने कामाला लागलं. एवढी समजूत माणसांना असती तर मी आयुष्यात कितीतरी कमी ओरडले असते. पुढे एकाच वाटेवर दोन प्रोग्राम हक्क सांगत होते, तो तंटा सोडवण्यात दुपार गेली. मग यादीचं कोठार, त्याला हे लोक डेटाबेस म्हणतात, ते दुसऱ्या भागाशी बोलेना. एका ठिकाणी मी एक पासवर्ड लिहिला होता आणि दुसऱ्या ठिकाणी दुसराच. संध्याकाळी चहा आला तेव्हा स्क्रीनवर एक साधं पांढरं पान उघडलं. वर माझ्या कारखान्याचं नाव. खाली लिहिलेलं, नोंदी शून्य.

शून्य बघून एवढं बरं मला कधीच वाटलं नव्हतं.

उरले नऊ दिवस. कंपनीच्या पानावरून एकेक घर उघडायचं, वाचायचं, आपल्या पानावर लिहायचं, फोटो उतरवून घ्यायचा. माती मळायचं काम सकाळी आटोपलं की आम्ही चौघी-पाच जणी आळीपाळीने बसायचो. वाचायची मात्र वत्सलाच. वत्सला आमच्याकडे आखणी करते, म्हणजे मूर्तीचे डोळे काढते. अख्खा कारखाना एका बाजूला आणि तिच्या हातातला तो बारीक ब्रश एका बाजूला. ती डोळे काढताना मीसुद्धा मोठ्याने बोलत नाही. ती वाचायची, "गडब. एक वीत सहा बोटं. डावी सोंड. लोड हिरवा." मी लिहायचे. तिसऱ्या दिवशी ती मध्येच थांबली.

"हे अर्धंच हाय."

"काय अर्धं?"

"डोळे कुठायत? ह्या घरच्या गणपतीचे डोळे खाली बघणारे. म्हातारी म्हणायची, देव पाटासमोर खाली बसलेल्या नातवाकडं बघतोय असं वाटाया पायजे. ते कुठं लिवलंय?"

कुठेच लिहिलं नव्हतं. कंपनीच्या पानावर डोळ्यांसाठी जागाच नव्हती. ती जागा करा म्हणून मी दोन वर्षं सांगत होते आणि दोन वर्षं एकच उत्तर येत होतं, तुमची विनंती नोंदवली आहे. मी राहेलताईंकडे बघितलं. त्यांनी सुया बाजूला ठेवल्या, खुर्ची ओढली, काहीतरी उघडलं, आणि माझा चहा संपायच्या आत पानावर एक नवी चौकट आली. वर शब्द होता, डोळे.

वत्सला बराच वेळ त्या चौकटीकडे बघत होती. तिला वाचता येतं, पण तो शब्द तिने बोट ठेवून वाचला. मग म्हणाली, "चाळीस वर्षं झाली. आता आमचं कामपन लिवलं जातंय." त्यानंतर तिने प्रत्येक घराचे डोळे तोंडपाठ सांगितले. नऊशे घरं. मला त्या दिवशी कळलं की वही कंपनीकडेही नव्हती आणि माझ्याकडेही पूर्ण नव्हती. निम्मी या बाईच्या डोक्यात होती, आणि मी तिला कधी विचारलंच नव्हतं. मी ज्या मालकाला इतकी वर्षं शिव्या घातल्या, त्याच्यापेक्षा मी फार वेगळी नव्हते. हे लिहायला मला आवडत नाही. पण लिहिलं.

नववा दिवस संपताना शेवटचं घर चढलं. दुसऱ्या दिवशी कंपनीचं पान उघडलं तर कुलूप. आम्ही सगळ्या हसलो. मी त्या गोड आवाजाला फोन लावणार होते, वत्सलाने मोबाईल काढून घेतला. "काच नवीन हाय," म्हणाली.

मग ती चूक झाली, आणि ती मीच केली. आमच्याकडे एक अंगवळणी पडलेली रीत आहे. जे पुरं झालं, ते झाकायचं. मूर्ती रंगवून झाली की तिच्यावर प्लास्टिक, कारण शेजारी स्प्रेचं काम चालू असतं आणि रंगाची धूळ बसते. सर्व्हर पुरा झाला होता. शुक्रवारी दुपारी मोठ्या मूर्तींवर स्प्रे सुरू झाला आणि मी विचारही न करता फडताळावरच्या मशीनला चांगलं जाड प्लास्टिक गुंडाळलं, खालून सुतळीने बांधलं. मूर्तीला बांधते तसं.

शनिवारी सकाळी पान उघडेना.

मशीन बंद. दारात दोन गिऱ्हाइकं पाट घेऊन उभी. मी राहेलताईंना फोन लावला, वाजत राहिला. मग आठवलं. शुक्रवारच्या दिवेलागणीपासून शनिवारच्या दिवेलागणीपर्यंत राहेलताईंचा शब्बाथ, विश्रांतीचा दिवस; तेव्हा त्या कुठल्याच मशीनला हात लावत नाहीत, फोनही घेत नाहीत. त्यांनी हे मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं आणि मी "हो हो" म्हटलं होतं. कंपनीचं पान कुलपात, माझं पान अंधारात, आणि दारात माणसं म्हणताहेत, आमचा नेहमीचा. ओरडायलाही आवाज उरला नाही. कारखान्यातल्या बायका त्यामुळेच जास्त घाबरल्या.

राहेलताईंनी मला एक कागद लिहून दिला होता. काही झालं तर. तो मी ब्रशच्या डब्याखाली ठेवला होता. त्यांच्या गोल अक्षरात लिहिलेलं होतं:

आधी चहा पी.
मशीन गरम आहे का, हात लावून बघ.
गरम असेल तर निवू दे. पंखा लाव.
मग बटण दाब आणि पाच मिनिटं थांब. शिव्या दिल्यास तर दहा.

हात लावला आणि चटका बसला. प्लास्टिक सोडलं. वत्सलाने रंग वाळवायचा टेबलफॅन आणून समोर ठेवला. गिऱ्हाइकांना बसवलं, त्यांच्याबरोबर मीही चहा प्यायले. नंतर बटण दाबलं. काळा पडदा, पांढरी अक्षरं. पान मात्र तरीही उघडेना. कागदाच्या खालच्या भागात दोन ओळींची कमांड होती आणि शेजारी लिहिलं होतं, स्पेलिंग बघून, घाई न करता. मी एका बोटाने टाइप केलं. पहिल्यांदा चुकलं. पुन्हा केलं. कामगाराच्या दारातून नाही, मालकिणीच्या दारातून.

पान उघडलं. मी पहिल्या गिऱ्हाइकाचं नाव टाकलं. घर उघडलं, फोटोसकट, डोळ्यांसकट. मी म्हटलं, "बसा, तुमचा नेहमीचा लोडाला टेकलेला, ना?" तो म्हणाला, "व्हय, तो तर तुम्हाला ठाऊकच हाय," आणि पाट ठेवून गेला. त्याला काय घडून गेलं ते कळलंही नाही. मी आतल्या खोलीत जाऊन पोस्टर कलरच्या खोक्यावर बसले आणि मला रडू आलं, मिठागरावरून बाप संध्याकाळी धडधाकट घरी आलेला बघून यायचं तसं.

दिवेलागणीनंतर राहेलताईंचा फोन आला. मी सगळं सांगितलं.

"प्लास्टिक कोणी बांधलं?"

"मी."

"सुतळीनं?"

"सुतळीनं."

"मशीन श्वास घेतं, सुमन." आणि मग त्या इतका वेळ हसल्या की मलाही हसावं लागलं.

रविवारी त्या सकाळच्या गाडीने आल्या आणि आम्ही शेवटचं काम केलं. त्याचा विचार मात्र माझा. आमच्याकडे मूळ साचा कारखान्यात ठेवत नाहीत. भोगावती नदी चढली, आग लागली, छप्पर पडलं, तर मूर्ती जाऊ दे, साचा राहिला पाहिजे. म्हणून तो दुसऱ्या गावात. मी म्हटलं, यादीचाही मूळ साचा दुसऱ्या गावात हवा. त्या म्हणाल्या, "शाबास, याला बॅकअप म्हणतात, आणि शिकलेली माणसं हेच विसरतात." रोज संध्याकाळी माझ्या यादीची एक प्रत वरश्याला त्यांच्या मशीनवर जाते. मोबदला विचारला तर त्या काही घेईनात. मला फुकटचं पचत नाही. शेवटी सौदा ठरला. त्यांच्या फोटोंची एक प्रत माझ्या मशीनवर राहणार.

"तुझे गणपती माझ्याकडे, माझी नातवंडं तुझ्याकडे," त्या म्हणाल्या.

आयुष्यात केलेला हा एकच सौदा, ज्यात मला एक रुपयाही कमी करून घ्यावासा वाटला नाही.

त्या कंपनीवरचा राग गेलेला नाही. जाऊही नये. मीही काही सुधारले नाही. साचा अजून कोणाला देत नाही, भाव अजून घासते, चिडते, वत्सला मोबाईल काढून घेते. फक्त पाटांच्या दिवसांत छातीत जे दडपण असायचं, ते आता नाही.

गेल्या आठवड्यात नागोठण्याहून एक तरुण बाई पाट घेऊन आली. पाट ओळखीचा, बाई नाही. तिने तो खाली ठेवला आणि तशीच उभी राहिली. ते नेहमीचं वाक्य बोलली नाही.

"काय गो, काय झालं?"

"सासूबाई गेल्या, कार्तिकात," ती म्हणाली. "दरवर्षी त्याच यायच्या. गणपती चुकवायचा नाय असं सांगून गेल्या, पण आमचा कसा असतो ते आम्हाला कोणालाच नीट सांगता येईना. हे म्हणतात पिवळं पितांबर, दीर म्हणतात लाल. घरात भांडणं चाललीत."

मी खुर्ची सरकवली. नाव टाकलं. घर उघडलं. डाळिंबी पितांबर, मांडी घातलेला, डोळे समोर, थोडे हसरे. खाली आठ वर्षांचे आठ फोटो. ती वाकून एकेक बघत गेली. मूर्ती नेताना आम्ही फोटो काढतो, तेव्हा पाट हलू नये म्हणून घरचं माणूस एका बाजूने धरून ठेवतं. प्रत्येक फोटोच्या कडेला मनगटापर्यंत एक हात आला होता. हिरव्या बांगड्या, अंगठ्यावर जुन्या भाजल्याची खूण.

"हा आईंचा हात," ती म्हणाली.

आठही फोटोंत होता. मग पदराने चेहरा पुसून तिने विचारलं, "हे फोटो मला मिळतील? कोणाला विचारावं लागंल का?"

"कोणाला नाय," मी म्हटलं, आणि तिचा नंबर विचारला.